स्वस्त इलेक्ट्रिक गिटार स्वतः सुधारायची आहे, सुरुवात कोठून करावी?

विश्रामबागचा नवखा

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागेत राहतो, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गेली दीड वर्षे गिटार शिकतो आहे. मागच्या महिन्यात एका मित्राकडे पडून असलेली इलेक्ट्रिक गिटार मी साडेतीन हजार रुपयांना घेतली. ती फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरची नक्कल आहे, म्हणजे तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे, एकेका गुंडाळीचे), पाच जागांचा स्विच, एक व्हॉल्यूम, दोन टोन आणि स्प्रिंगांवर हलणारी घोडी (धडावर तारा जिच्यावर टेकतात ती) असा तिचा सगळा थाट आहे. मूळ स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली बाजारात आली आणि तिची मान धडाला स्क्रूंनी जोडलेली असल्यामुळे ती सुटी करून दुरुस्त करता येते, हे कळल्यापासून ही गिटार आहे तशी न वाजवता स्वतःच्या हाताने सुधारून वाजवावी असे माझ्या मनाने घेतले आहे. क्वीन या ब्रिटिश बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३ मध्ये वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवायला घेतली, मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले आणि मानेवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे बसवली. तेवढी मजल मारण्याचा माझा विचार नाही, पण घरच्यांना हे उदाहरण सांगून मी तीन हजार रुपये मंजूर करून घेतले आहेत.

तक्रारी अशा आहेत. ॲम्पला जोडल्यावर सतत घूं असा आवाज येतो आणि तारांना हात लावला की तो बराच कमी होतो. पहिली तार नवव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) दाबली की खरखरते. तार ओढून स्वर चढवला आणि सोडला की ती पुन्हा सुरात येत नाही. पहिल्या फ्रेटवर दाबायला फार जोर लागतो आणि तेथला स्वरही किंचित चढा लागतो. माझा बेत मागच्या पिकअपच्या जागी हंबकर, म्हणजे दोन गुंडाळ्यांचा पिकअप, बसवण्याचा, खुंट्या बदलण्याचा आणि टवके गेलेला लाल रंग काढून सबंध गिटार काळी करण्याचा आहे. मल्टिमीटर आणि २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न माझ्याकडे आहे. यातले आधी काय करावे, आणि साडेतीन हजारांच्या गिटारवर आणखी तीन हजार घालणे शहाणपणाचे आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

गावभाग सोल्डर

माझे सांगलीच्या गावभागात ॲम्प्लिफायर दुरुस्तीचे दुकान आहे, तेव्हा मी फक्त विजेच्या बाजूचे सांगतो. तारांना हात लावल्यावर घूं आवाज कमी होतो, म्हणजे घोडीला जोडलेली अर्थिंगची तार शाबूत आहे, त्यामुळे त्या बाबतीत काळजीचे कारण नाही. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले हजारो वेढे असतात आणि ते तारेचे कंपन जसे पकडतात तसेच घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचे क्षेत्रही पकडतात. हंबकरमध्ये दोन गुंडाळ्या एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात म्हणून ही घूं घूं आपसांत कटते. तुमच्या गिटारमध्ये मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल, तर स्विच दुसऱ्या आणि चौथ्या जागी ठेवल्यावर आवाज एकदम शांत होईल, हे आधी तपासून पाहा.

त्यानंतर तारा सैल करून वरची प्लॅस्टिकची पट्टी उघडा. स्वस्त गिटारमध्ये आतली पोकळी बहुधा नुसत्या लाकडाची सोडलेली असते. ती संपूर्ण पोकळी आणि पट्टीची मागची बाजू तांब्याच्या चिकटपट्टीने मढवा. चिकटपट्टी घेताना तिचा गोंदही वीजवाहक आहे ना ते विचारून घ्या, नाहीतर प्रत्येक सांध्यावर थोडे सोल्डर द्यावे लागेल. शेवटी मल्टिमीटरने एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जोड तपासा आणि ते सगळे व्हॉल्यूमच्या पॉटच्या (बटणाखालच्या, फिरवून आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) पाठीला, म्हणजे अर्थला जोडा. पॉटच्या पाठीवर सोल्डर धरताना २५ वॅटचे आयर्न कमी पडते, कारण धातूचे कवच उष्णता ओढून घेते. अशा वेळी बराच वेळ आयर्न टेकवून ठेवले तर आतला कार्बनचा पट्टा जळतो, म्हणून पाठ आधी पॉलिश पेपरने खरवडा आणि कोणाकडून तरी ६० वॅटचे आयर्न उसने आणा.

हंबकरची घाई करू नये. पट्टी उघडल्यावर तेथे मोठा खड्डा आहे की सिंगल कॉइलपुरती अरुंद खाच आहे ते दिसेल. खाच अरुंद असेल तर लाकूड कोरावे लागेल, आणि हंबकरला साधारणपणे ५०० किलोओहमचे पॉट लावतात, तर तुमच्याकडे बहुधा २५० चे असतील. त्याआधी फुकटात होणारा एक उपाय करून पाहा. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि पिकअपचा माथा तिच्यापासून दोन-अडीच मिलिमीटर खाली राहील एवढे त्याचे स्क्रू फिरवा. पिकअप फार जवळ असला की त्याचे चुंबक तारेला ओढते आणि स्वर डगमगतो, आणि नव्या माणसाला वाटते की पिकअपच खराब आहे.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, त्यामुळे घरातल्या ज्या सॉकेटला अर्थिंग नाही त्याला दोन पिनांचा ॲडाप्टर लावून ॲम्प कधीही चालवू नका. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत अशी सॉकेटे अजून आहेत.

मिरजेची खुंटी

मी मिरजेत सतारीच्या कामात आहे. गिटार हा आमचा धंदा नाही, पण गेल्या काही वर्षांत मुले गिटारी घेऊन दारात येऊ लागली आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची तक्रार पिकअपची नसतेच. गावभागकरांचे म्हणणे बरोबर आहे, पण माझ्या मते ते काम दुसरे. कारखान्यात स्वस्त वाद्याचे लाकूड आणि लोखंड बरे असते, राहून जाते ते शेवटचे हाताचे काम, कारण त्याला वेळ लागतो. तुमच्या चारपैकी तीन तक्रारी त्याच कामाच्या आहेत.

आधी मान पाहा. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा, तीच तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांतले अंतर पाहा. ते व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढे, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास असावे. जास्त असेल तर मानेतली सळई पाव फेरा आवळा, तारा पुन्हा सुरात लावा आणि मगच पुढचा पाव फेरा द्या. सळईशी कधीही दांडगाई करू नये.

नवव्या फ्रेटवर खरखर येते म्हणजे दोषी बहुधा दहावा फ्रेट आहे, तो शेजाऱ्यांपेक्षा उंच असणार. जुने एटीएम कार्ड उभे धरून त्याची कड नऊ, दहा आणि अकरा या तीन फ्रेटांवर ठेवा. ते डुगडुगले तर मधला उंच आहे. मानेखाली वाळूची पुरचुंडी ठेवून नायलॉनच्या हातोडीने त्याला हलके ठोके द्या. अर्ध्या वेळा एवढ्यानेच काम होते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात मानेचे लाकूड आकसते आणि फ्रेटांची टोके फणीच्या दातांसारखी बाहेर येऊन बोटांना लागतात, तीही त्याच बैठकीत बारीक कानशीने गोल करून घ्या.

आता नट, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या छोट्या पट्टीवरून पुढे येतात ती. पहिल्या फ्रेटवर जोर लागतो आणि स्वर चढा येतो, याला कारण तिच्या खाचा उथळ राहिल्या आहेत, आणि ओढलेली तार सुरात परत येत नाही, याला कारण त्याच खाचा अरुंद असल्यामुळे तार तेथे अडकते. खुंट्या बदलून यातले काहीही सुधारणार नाही. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पाहा. ती केसाएवढीच असावी. खाचेत शिसपेन्सिलीची पूड घातली तर तार घसरते, हा तात्पुरता उपाय झाला. कायमचा उपाय म्हणजे प्लॅस्टिकची पोकळ पट्टी काढून हाडाची बसवणे. सतारीच्या घोडीसाठी आम्ही उंटाचे हाड वापरतो, त्याचे उरलेले तुकडे येथे कोणाकडेही मिळतील. तुमच्या नटची रुंदी व्हर्नियरने मोजून या, साधारण ४२ मिलिमीटर भरेल. हाड घासताना तोंडाला मास्क बांधा. दाताच्या दवाखान्यात येतो तसला वास घरभर होतो, तेव्हा गच्चीत बसणे बरे. जाड तारांच्या खाचांना सोनाराच्या कानशी चालतात, बारीक तारांसाठी पातळ पात्यावर पॉलिश पेपर दुमडून घ्यावा. नट बसवताना गोंद एकच थेंब लावा, पुढे कधीतरी तो काढावा लागतो.

घोडी हलवून वाजवायची हौस नसेल तर मागचे झाकण काढून स्प्रिंगांचे दोन्ही स्क्रू आवळा, म्हणजे ती धडावर घट्ट टेकेल आणि सूर टिकेल. सर्वांत शेवटी बाराव्या फ्रेटवर हलका स्पर्श करून येणारा स्वर आणि तेथेच दाबून येणारा स्वर जुळवा. दाबलेला स्वर चढा असेल तर त्या तारेचा घोडीवरचा दाणा मागे सरकवा.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले याचा आम्हाला आनंदच आहे, पण गिऱ्हाईक आजही मानांकन विचारत नाही, जवारी, म्हणजे घोडी घासून आणलेला नाद, कोण काढतो ते विचारते. तुमच्या तीन हजारांचेही तसेच समजा.

टाकीवाला, सातारा

मी मोटारसायकलींच्या टाक्या रंगवतो. तुमच्या गिटारवरचा मूळ रंग बहुधा पॉलिएस्टरचा जाड थर असेल, तो खरवडून लाकडापर्यंत जाण्यात आठवडा जाईल आणि पदरात काही पडणार नाही. टवक्यांत पुट्टी भरा, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक घालवा आणि त्यावरच प्रायमर व रंग द्या. मान ज्या खोबणीत बसते ती खोबण मास्किंग टेपने झाका, कारण तेथे रंगाचा थर चढला तर मान पुन्हा नीट बसत नाही. पाण्याने घासताना स्क्रूच्या भोकांत पाणी जाऊ देऊ नका, लाकूड फुगून त्याभोवती रंग तडकतो. पावसाळ्यात लॅकर मारू नका, हवेतला दमट अंश त्यात अडकून काळ्या रंगावर पांढुरके धुके येते, आणि काळ्यावर ते जास्तच उठून दिसते. दसऱ्यानंतर मारा. हार्डनर घालून मारायचा रंग घरी अजिबात नको, त्याची वाफ साध्या मास्कने अडत नाही.

विश्रामबागचा नवखा

सर्वांचे आभार. तीन रविवार गेले, त्याचा हिशेब देतो. मिरजेच्या काकांचे ऐकून मी मानेपासून सुरुवात केली. सळईला दोन वेळा पाव पाव फेरा द्यावा लागला. एटीएम कार्ड खरोखरच दहाव्या फ्रेटवर डुगडुगले आणि चार ठोक्यांत खरखर थांबली. त्या दिवशी मी जेवायलाही उठलो नाही.

तांब्याच्या चिकटपट्टीने मात्र मला एक अख्खी संध्याकाळ रडवले. सगळे मढवून, सोल्डर करून वरची प्लॅस्टिकची पट्टी स्क्रूंनी बसवली की गिटार पूर्ण मुकी व्हायची आणि ती पट्टी उचलून धरली की वाजायची. शेवटी मल्टिमीटर लावल्यावर समजले की स्विचचे एक टोक पोकळीच्या भिंतीवरच्या तांब्याला टेकत होते आणि सगळा सिग्नल तेथूनच अर्थला जात होता. त्या जागी इन्सुलेशन टेपचा तुकडा लावल्यावर प्रश्न मिटला. घूं आवाज निम्म्याहून कमी झाला आहे आणि चौथ्या जागी तर जवळजवळ नाहीच, त्यामुळे हंबकर तूर्त रद्द केला. रंग दसऱ्यानंतरच. आतापर्यंत तांबे, तारा, हाड आणि पॉलिश पेपर मिळून नऊशे चाळीस रुपये खर्च झाले.

एक अडचण उरली आहे. हाडाचा नट मी स्वतः घासला, पाच तारा उत्तम लागल्या, पण तिसरी तार मोकळी वाजवली की गिटारसारखी न वाजता सतारीसारखी झणझणते. कोठेही दाबली की आवाज स्वच्छ येतो. खाच खोल गेली म्हणावे तर पहिल्या फ्रेटवरची फट केसाएवढी आहेच. मग चुकले काय?

गावभाग सोल्डर

स्विचची ती सूचना मी आधीच द्यायला हवी होती, ती चूक माझी.

मिरजेची खुंटी

खोली बरोबर आहे, उतार चुकला आहे. खाचेचा सर्वांत उंच बिंदू फ्रेटांकडच्या कडेवर असला पाहिजे आणि तेथून ती खुंट्यांकडे उतरत गेली पाहिजे, म्हणजे तार एकाच काठावरून स्पष्ट सुटते. तुमची खाच सपाट राहिली आहे किंवा मागच्या बाजूला उंच आहे, त्यामुळे तार कंप पावताना पुढच्या हाडाला घासून जाते. सतारीच्या रुंद घोडीला आम्ही मुद्दाम असाच अगदी हलका गोलवा देतो, तार त्यावर घासत राहते आणि तिच्यातून स्वरांची पिसे फुटतात. तीच जवारी. तुम्ही ती चुकून गिटारच्या तिसऱ्या तारेला काढून ठेवली आहे.

आता कानस मागच्या बाजूला कलती धरून खाचेचा फक्त मागचा भाग उतरवा, पुढच्या काठाला अजिबात स्पर्श करू नका. काठ गेलाच तर हाडाची पूड खाचेत भरून त्यावर सुपरग्लूचा थेंब सोडा आणि वाळल्यावर पुन्हा घासा. नाही जमले तर रविवारी वाद्य घेऊन मिरजेला या, आणि झणझण घालवण्यापूर्वी एकदा ती तार मला ऐकवा.