मदत हवी आहे: घरून काम अन् घरात दोन पोट्टे

नमस्कार मंडळी, मी नागपूरला मनीषनगरात राहतो, बायको अन् मी दोघंही घरूनच काम करतो. पोट्टा ७ वर्षांचा, पोट्टी ४ ची. बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यात उघडतात, आपल्या विदर्भात उन्हामुळे जून संपता संपता, म्हणजे अजून महिनाभर दोघं घरीच. बाहेर ४५ डिग्री, संध्याकाळी सहाच्या आधी खाली सोडता येत नाही अन् कूलर एकाच खोलीत, म्हणून मीटिंग, कार्टून, भांडणं सगळं तिथंच. काल क्लायंटसमोर पोट्टी ओरडली, "बाबा, दादानं माझी बाहुली कूलरच्या पाण्यात टाकली!" म्यूट करेपर्यंत सगळ्यांनी ऐकलं न बाप्पा.

पाळ्या लावून पाहिल्या, सकाळी ती, दुपारी मी, पण दोघांचे कॉल एकाच वेळी आले की सगळं बोंबलतं. मोबाईल दिला की शांतता, पण मग रात्री झोपत नाहीत. आजी अमरावतीला, या उन्हात तिला बोलवायची हिंमत होत नाही.

तुम्ही ११ ते ४ लेकरांना कशात गुंतवता? बेसा-मनीषनगरकडे दोन-तीन तास सांभाळणारी मावशी कोणाच्या माहितीत आहे का, साधारण किती घेतात? अन् बॉसला कोणी सरळ सांगितलंय का, की दुपारी कॉल ठेवू नका म्हणून?