भेटपेट्या: 10 ते 14 वर्षांच्या मुलग्यांसाठी काय घ्यायचं?

प्रेषक: भेटपेट्या समन्वयक
प्रति: मंडळ सभासद यादी

नमस्कार मंडळी,

यंदाही आपण ऑपरेशन ख्रिसमस चाइल्डसाठी, म्हणजे देशोदेशीच्या गरजू मुलांना भेटवस्तू पाठवणाऱ्या उपक्रमासाठी, बुटांच्या खोक्याएवढ्या भेटपेट्या भरतोय. काल रात्री नोंदवही घेऊन बसले. 24 कुटुंबांनी पेटी भरते/भरतो म्हणून कळवलंय. त्यातल्या 15 पेट्या मुलींच्या, आठ लहान मुलग्यांच्या, आणि 10 ते 14 वयाच्या मुलग्यासाठी फक्त एक. संस्थाही दरवर्षी हेच सांगते की या गटाच्या पेट्या सगळ्यांत कमी येतात.

दोघीतिघींना फोन करून विचारलं, तर सगळ्यांचं उत्तर एकच: "त्या वयाच्या मुलाला काय द्यायचं ते सुचत नाही." बाहुली, टेडी, रंगपेटी चटकन सुचतात. तेरा वर्षांच्या मुलापाशी येऊन हात थांबतो. ज्यांनी आधी अशी पेटी भरली आहे त्यांनी कृपया लिहा. पेट्या नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पोचवायच्या आहेत.

आपली,
समन्वयक

—

प्रेषक: एक जुनी सभासद
प्रति: मंडळ सभासद यादी

अगं, ती एक पेटी माझीच. गेली सहा वर्षं मी मुद्दाम हाच गट घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी सुरुवात नेहमी फुटबॉलपासून होते. खरा, चामड्यासारख्या आवरणाचा, शिवलेला फुटबॉल. प्लास्टिकचा हलका चेंडू नको, तो खडकाळ मैदानावर आठवडाभरही टिकत नाही. नंबराचं म्हणशील तर साधारण 8 ते 12 वयाला 4 नंबर आणि त्यापुढे 5 नंबर वापरतात. मी 5 नंबर घेते. मुलगा यंदा दहाचा असला तरी पुढच्या दोन वर्षांत वाढणार, आणि चेंडू आहे म्हटल्यावर खेळायला थोरली मुलंही येणारच.

आता तो खोक्यात मावतो कसा, हे सगळे विचारतात. हवा काढायला पंपाची सुई पाण्यात बुडवून ओली करायची आणि हलक्या हाताने छिद्रात सरळ घालायची. कोरडी सुई जोर लावून घातली तर आतला रबर फाटतो आणि चेंडू कायमचा निकामी होतो. मग चेंडूवर गुडघा ठेवून सावकाश दाबायचं. हवा गेली की अर्धा भाग आत ढकलायचा, चेंडूची वाटी होते. त्या वाटीत मोज्यांचे दोन जोड, कंपासपेटी आणि साबणाची वडी आरामात बसते. म्हणजे चेंडूने जागा खाल्ली असं होतच नाही, तोच सगळ्या वस्तूंचं भांडं होतो. हातपंप खोक्याच्या लांब कडेला आडवा.

आणि सुया दोन. एक पंपाला आणि एक झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने. हे मी फार कळकळीने सांगतेय. सुई हरवली किंवा वाकली, की तो चेंडू म्हणजे चामड्याचा तुकडा. आपल्याला दुसरी सुई मिळवायला दहा मिनिटं लागतात. त्या मुलाला ती कुठे मिळेल, मिळेल का, आपल्याला ठाऊक नाही.

यावरूनच बाकीच्या वस्तूंचा माझा नियम ठरला. ज्या वस्तूला चालू राहायला आणखी काहीतरी विकत आणावं लागतं, ती मी घेत नाही. सेलवर चालणारं खेळणं सेल संपेपर्यंतचं. बटण सेल तर मी घरातच येऊ देत नाही. धाकट्या भावंडाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, आणि पेटी ज्या घरात जाणार तिथे धाकटं भावंड असण्याचीच शक्यता जास्त. पेन्सिली देते त्या शार्पनर आणि खोडरबरासकट. वही शिवलेली घेते, स्प्रिंगची नाही. स्प्रिंग वाकते आणि पानं निघून येतात.

मेणाच्या खडूंचं आमच्या घरी एकदा वाईट झालं. भरलेली पेटी दुपारभर बंद गाडीत राहिली. संध्याकाळी उघडली तर खडू वितळून नव्या कोऱ्या टीशर्टच्या घडीत झिरपले होते. लाल-निळ्या डागांचा तो टीशर्ट हातात धरून मी किती वेळ नुसती बसून होते. बरं झालं, ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. जहाजावरचा कंटेनर उन्हात आतून 50 अंशांच्याही वर तापतो, तिथे झालं असतं तर त्या मुलाने झाकण उघडल्यावर काय पाहिलं असतं? तेव्हापासून लाकडी रंगीत पेन्सिलीच.

मोठ्या मुलासाठी आणखी काय? कामाच्या वस्तू. मोजायचा टेप, छोटा पेचकस, बुटांच्या जादा लेस, सुईदोऱ्याचं पाकीट. तेरा वर्षांच्या मुलाला आपण मोठे झालोय असं वाटायला लागलेलं असतं, आणि घरात त्याच्यावर कामंही असतात. स्वतःचं हत्यार असण्याची ऐट त्या वयाला वेगळीच. माझ्या थोरल्याला त्याच्या आजोबांनी स्वतःचा पेचकस दिला होता, तो बाविसाव्या वर्षीही त्याने जपून ठेवलाय. फक्त चाकूचं पातं असलेलं काही नको. चाकू, खेळण्यातली बंदूक, सैनिक, हे चालत नाही आणि तेच बरोबर आहे. यातली कितीतरी मुलं युद्धातून आलेली असतात.

साबण हवाबंद पिशवीत घाल, नाहीतर सगळ्याला त्याचा वास लागतो.

तुझी,
काकू

—

प्रेषक: माजी खजिनदार
प्रति: मंडळ सभासद यादी

नमस्कार,

वहिनींचं पत्र वाचून लगेच आमच्याकडून एक पेटी याच गटासाठी लिहून घ्या. हिला मागच्या वेळी टूथपेस्ट काढून ठेवायला सांगितलं होतं, ते कशासाठी?

दुसरा प्रश्न थोडा नाजूक आहे, पण यादीवर स्पष्ट विचारलेला बरा. ही संस्था धार्मिक आहे असं ऐकतो. आपण मंडळ म्हणून देतो तेव्हा सभासदांना ते माहीत असायला हवं असं मला वाटतं.

आपला,
माजी खजिनदार

—

प्रेषक: भेटपेट्या समन्वयक
प्रति: मंडळ सभासद यादी

काका, दोन्ही प्रश्न बरे विचारलेत.

टूथपेस्ट, गोळ्या-चॉकलेट, कुठलंही खाणं, पातळ पदार्थ, औषधं, काच आणि वापरलेल्या वस्तू, यातलं काहीच चालत नाही. मुख्य अडचण सीमाशुल्काची. एका पेटीत नको ते सापडलं तर अख्खी खेप अडकू शकते. आपल्या एका गोड गोळीपायी दुसऱ्या शेकडो मुलांच्या पेट्या बंदरात पडून राहायला नकोत. दातांचा ब्रश मात्र जरूर घाला.

आता धर्माचं. होय, संस्था ख्रिस्ती आहे आणि ती हे लपवत नाही. हा उपक्रम 1990 साली ब्रिटनमध्ये रोमानियातल्या मुलांसाठी सुरू झाला. तिथली राजवट नुकतीच कोसळली होती आणि अनाथालयांची भयंकर अवस्था जगासमोर आली होती. 1993 पासून तो समॅरिटन्स पर्स ही संस्था चालवते. पेट्या स्थानिक चर्चमार्फत वाटल्या जातात आणि जिथे शक्य आहे तिथे सोबत ख्रिस्ती गोष्टींची पुस्तिकाही देतात. ज्यांना हे पटत नाही त्यांनी मनात काही न ठेवता मला कळवा, तुमची पेटी मी दुसऱ्या मार्गाने द्यायची व्यवस्था पाहीन. मी स्वतः यावर बरेच दिवस विचार केला आणि पेटी भरायचं ठरवलं, पण हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. पुढच्या वर्षीपासून पहिल्याच पत्रात ही माहिती देईन. यंदा ती द्यायची राहिली, ही माझी चूक.

काकू, मला तुम्हालाच एक विचारायचंय. लेकीने 2 ते 4 वयाच्या गटासाठी मण्यांची माळ आणि छोटी गाडी निवडली आहे. तिला नाही म्हणायचं जिवावर आलंय.

—

प्रेषक: एक जुनी सभासद
प्रति: मंडळ सभासद यादी

अगं, नुसतं नाही म्हणू नकोस, तिलाच तपासायला लाव. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी सुरक्षा चाचणीत 31.7 मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. कुठलाही दाब न देता जी वस्तू त्यात पूर्ण मावते, ती लहान मुलाच्या घशात अडकू शकते. घरी टॉयलेट पेपरच्या रोलची रिकामी नळी घे. ती जरा मोठीच असते, म्हणजे चूक झाली तर सुरक्षित बाजूला होईल. लेकीला म्हणावं, जे नळीतून खाली पडेल ते मोठ्या ताईच्या पेटीत जाईल. माळ 10 ते 14 वयाच्या मुलीला द्या, ती खूश होईल. गाडीची चाकं ओढून बघा, निघत असतील तर तीही नको. त्या जागी कापडी प्राणी घ्या, डोळे दोऱ्याने भरलेले असलेला, बटणांचे नकोत.

आणि त्या मोठ्या मुलीच्या पेटीत धुऊन पुन्हा वापरता येणारी कापडी पॅडं एका बंद पिशवीत घाला. हे लिहायला आपण संकोचतो, म्हणून मुद्दाम यादीवर लिहितेय. कित्येक मुली त्या चार दिवसांत शाळा चुकवतात.

चिठ्ठीचं राहिलं. पेटी कुठल्या देशात जाईल, मूल कुठली भाषा बोलेल, काही माहीत नसतं. माझा नातू चित्र काढून देतो. गेल्या वर्षी त्याने स्वतःच्या तळव्याभोवती पेन्सिल फिरवून हात काढला, आणि शेजारी रिकामी जागा सोडली. मी म्हटलं, इथे काय काढायचंय? तर म्हणाला, "इथे तो त्याचा हात काढेल."

—

प्रेषक: भेटपेट्या समन्वयक
प्रति: मंडळ सभासद यादी

काकू, नळीची तपासणी झाली. माळ पडली, गाडी अडकली, पण चाक निघालं. लेक आता घरातली प्रत्येक वस्तू त्या नळीत घालून बघतेय.

10 ते 14 वयाच्या मुलग्यांच्या पेट्या आज रात्रीपर्यंत सात झाल्या आहेत. शनिवारी सकाळी दहाला माझ्याकडे भरायला बसू. चेंडू ज्याचा त्याने आणायचा, फुगवलेला आणला तरी चालेल. हवा काढायला काकू शिकवणार आहेत. सुया मी सगळ्यांसाठी एकदमच मागवते, सात पेट्यांना चौदा, वर दोन जादा. माजी खजिनदार काकांनी पातळ चिकटपट्टी आणावी, झाकणाला लावायला.