मदत हवी आहे: पोर्शे ७१८ केमनचे ब्रेक किंचाळतात, चोर्ला घाटासाठी कुठले पॅड घ्यावेत?

अनगोळकर:
२०१८ ची बेस ७१८ केमन जुनी घेतली आहे. आधीचे मालक ती कोइमतूरच्या करी रेसिंग ट्रॅकवर न्यायचे. सकाळी गार असताना, २०-३० च्या वेगात ब्रेकवर हलका पाय ठेवला की पुढच्या चाकातून कर्कश शीळ येते. बेळगावात काँग्रेस रोडवर लोक वळून बघतात. घाट उतरून आलो की आवाज गायब. चाकाच्या फटीतून बघितलं तर पॅडच्या पाठीचा पत्रा पिवळा दिसतो. गॅरेजवाले म्हणतात, "स्लायडर पिनांना ग्रीस मारू, पॅड पॉलिश पेपरनं घासू, जातंय आवाज." करून घेऊ काय? वापर गावात आणि जांबोटी-कणकुंबीमार्गे गोव्याला. ट्रॅकवर नेणार नाही.

उद्यमबाग_लेथ:
ग्रीस कुठल्या पिनांना मारणार? या गाडीला चारही चाकांना चार पिस्टनचे फिक्स कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आहेत. दोन्ही बाजूंनी पिस्टन दाबतात, कॅलिपर सरकतच नाही. स्लायडर पिना असतात त्या एका बाजूला पिस्टन असलेल्या तरंगत्या कॅलिपरला, म्हणजे आपल्या स्विफ्ट-पोलोला. ही गाडी त्या गॅरेजला देण्याआधी एकदा विचार करा की.

गार असताना शीळ आणि तापल्यावर शांत, ही ट्रॅकच्या पॅडची खूण. पॅड आणि डिस्क घासताना दोन्ही सेकंदाला हजारो वेळा थरथरतात, तीच शीळ. ट्रॅकचा माल कडक असतो, थरथर जिरवत नाही, आणि त्याची पकड बसायला उष्णता लागते. गावात ती मिळणारच नाही. पॅड घासून आवाज चार दिवस जाईल, परत येईल.

पिवळा पत्रा म्हणजे पाजिद कंपनीचे ट्रॅकचे पॅड, आरएसएल २९, असू शकतात, पण ईबीसीचे यलोस्टफही पिवळेच. रंगावर जाऊ नका, पॅड काढून पत्र्यावर छापलेला नंबर वाचा.

निपाणीकर:
वरच्याशी सहमत. भर एवढीच: पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो, सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर येते. ती शीळ नव्हे, त्याला काही करायला लागत नाही. सतत लोखंडावर लोखंड घासल्यासारखं वाजलं तर मात्र गाडी थांबवा, पॅड संपलेत.

निवडीचं म्हणाल तर तुमच्या वापराला कंपनीच्या दर्जाचेच पॅड. पोर्शेला टेक्स्टार आणि पाजिद दोघंही मूळ पुरवठादार आहेत, त्यांचे रस्त्याचे पॅड घ्या. खोक्यावर आणि पत्र्यावर आर ९० या मान्यतेची खूण बघा. तिचा अर्थ पॅडची पकड मूळ पॅडच्या १५ टक्के इकडं-तिकडं आहे. निव्वळ रेसिंगच्या पॅडवर ती नसते.

काही पॅडच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरं असतात, एफएफ, जीजी अशी. पहिलं गार पकडीचं, दुसरं तापलेल्या. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर घाटासाठी तो पॅड नको. आवाज आणि झीज या अक्षरांतून कळत नाही, दुकानदार काहीही सांगू दे.

अनगोळकर:
फेरोडो डीएस २५०० चं नाव ऐकलंय. आणि सिरॅमिक पॅड? ते तर अजिबात वाजत नाहीत म्हणतात.

निपाणीकर:
डीएस २५०० रस्ता आणि ट्रॅक यांच्या मधला. गार असतानाही धरतो, पण गावात तोही वाजतो. शांतता हवी तर घेऊ नका. सिरॅमिक पॅड गावात उत्तम, धूळ कमी, चाकं काळी होत नाहीत. पण कुठलाही स्वस्त सिरॅमिक चोर्ल्याच्या उताराला घालू नका. पुढं-मागं एकाच मालाचे पॅड घाला. मागं जास्त पकडीचे घातले तर ओल्या वळणावर गाडीचा मागचा भाग आधी सुटेल.

उद्यमबाग_लेथ:
आता बसवताना काय चुकतं ते सांगतो, कारण चांगले पॅड घालूनही शीळ राहिल्याची तक्रार निम्म्या वेळा इथूनच येते.

पोर्शेच्या पॅडमागं थरथर जिरवणाऱ्या चकत्या असतात. त्यांच्या क्लिपा पिस्टनच्या पोकळीत बसतात, दुसरी बाजू पॅडला चिकटते. ट्रॅकचे पॅड घालताना लोक त्या काढून टाकतात. तुमच्याही गायब असणार. नवीन चकत्या पॅडबरोबरच मागवा, जुन्या परत चिकटत नाहीत. चिकटणाऱ्या बाजूला ग्रीस अजिबात लावू नका. ग्रीस फक्त पॅडच्या कडा कॅलिपरला टेकतात तिथं, सिरॅमिकचं, पातळ हात. तांब्याचं नको, कॅलिपर ॲल्युमिनियमचा, पावसात दोन धातूंमध्ये गंज लागतो.

पिस्टन मागं ढकलताना एक दाबला तर समोरचा बाहेर येतो. जुना पॅड जागेवर ठेवून सगळे एकदम सावकाश दाबा, आणि त्याआधी टाकीतलं थोडं ब्रेक ऑइल सिरिंजनं काढा. नाहीतर ते वर येऊन सांडतं आणि रंग खातं. झिजेच्या सेन्सरची वायर घासली असेल तर तीही बदला. चाकाचे बोल्ट १६० न्यूटन-मीटर, टॉर्क पान्यानं; न्यूमॅटिक गननं नको.

अनगोळकर:
डिस्क उद्यमबागमध्ये लेथवर घासून घेऊ?

उद्यमबाग_लेथ:
माझाच धंदा, तरी नको म्हणतो. भोकांची डिस्क आहे, लेथवर हत्याराचं टोक प्रत्येक भोकाच्या काठाला आदळतं. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, मायक्रोमीटरनं मोजा. खाली असेल किंवा भोकापासून भोकापर्यंत चीर गेली असेल तर बदला. भोकाच्या काठच्या केसाएवढ्या बारीक रेषा वेगळ्या, त्यांच्यासाठी बदलू नका.

डिस्क चांगली असेल तर जुन्या पॅडचा थर तेवढा काढा: हातानं, १२० नंबरच्या पेपरनं, गोल-गोल, मग ब्रेक क्लीनर. हा थर राहिला तर नवीन पॅडचा थर नीट बसत नाही, शीळ राहते आणि पेडल थरथरतं. जांबोटीची लाल माती भोकांत बसलेली असते, तीही काडीनं काढा. धूळ हवेनं उडवू नका, मास्क घाला.

निपाणीकर:
मग बेडिंग, म्हणजे नवीन पॅडचा थर डिस्कवर बसवून घेणं. रिकामा सरळ रस्ता, मागं कोणी नाही बघून ८० वरून २०, मध्यम जोरानं, आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा मिनिट अंतर. पूर्ण थांबायचं नाही. तापलेला पॅड एका जागी दाबून धरला तर तिथं डाग पडतो आणि पुढं थरथर. नंतर दहा-पंधरा मिनिटं ब्रेक न लावता चालवून गार करा.

ब्रेक ऑइलही बदलाच, दर दोन वर्षांनी. डॉट ४ नवीन असताना किमान २३० अंशाला उकळतं, पाणी शोषलं की १५५ पर्यंत खाली येतं. घाटात पेडल मऊ होऊन खाली गेलं तर ऑइल उकळलंय. पेडल टणक पण गाडी थांबत नाही तर पॅड जास्त तापलेत. दोन्ही वेळेला खालचा गिअर, आणि जागा मिळेल तिथं थांबून गार करायचं, पाणी ओतायचं नाही.

अनगोळकर:
पॅड, चकत्या, सेन्सर, ऑइल अशी यादी केली. पुढचे आधी आणि मागचे पुढच्या महिन्यात केले तर चालेल काय?

उद्यमबाग_लेथ:
नको. पुढं रस्त्याचे आणि मागं ट्रॅकचे असं महिनाभर चालवणार, तेही पावसात? निपाणीकरांनी वर काय लिहिलंय ते परत वाचा. पैशाची अडचण असेल तर चारही चाकांचं काम एकदमच पुढच्या महिन्यात करा. पॅडचा माल ३ मिलिमीटरच्या वर असेल तर तोवर शीळ ऐकत चालवायला हरकत नाही, फक्त सकाळी गार ब्रेकवर पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा.