मुलाची पितृत्व चाचणी: आईला न सांगता नमुना घ्यावा का?

रानजाई

मी नाशिकला एका कलेक्शन सेंटरवर नमुने घेते. बारा वर्षं झाली या कामाला. गेल्या महिन्यातला एक प्रसंग डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे मांडते.

एक गृहस्थ चार-साडेचार वर्षांच्या मुलीला घेऊन आले. डीएनए चाचणीचं किट त्यांनी घरी मागवलं होतं, पण पोरगी तोंडच उघडेना. "तुम्ही फक्त काडी फिरवून द्या, कुरियर मी करतो," म्हणाले. किटमध्ये लांब दांडीच्या चार काड्या, दोन कागदी लिफाफे आणि एक फॉर्म. संमतीच्या रकान्यात सही एकाच पालकाची. मी विचारलं, आईला माहीत आहे? ते खाली बघत राहिले. तेवढ्यात मुलगी मला म्हणते, "काकू, दात काढणार?" आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मी काडी परत पाकिटात घातली आणि त्यांना नाही म्हटलं. ते काही न बोलता गेले. दुसरीकडे कुणीतरी घेतला असेलच नमुना.

माझं म्हणणं साधं आहे. लहान मुलाच्या तोंडात ती काडी घालायची, तर दोन्ही पालकांची सही हवी, नाहीतर कोर्टाचा हुकूम हवा. चाचणी खोटी असते असं मी म्हणत नाही. पण त्या कागदाने ज्याचं सगळं आयुष्य बदलणार, त्याला कुणी विचारलेलंच नसतं, आणि त्याच्या बाजूने बोलणारं माणूसही तिथे नसतं.

खडकवासला

ताई, तुमची कळकळ पोचली. तरीही मी पूर्ण असहमत आहे, आणि स्वतः त्यातून गेलोय म्हणून लिहितो.

आई कोण हे सुईणीपासून सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बापाकडे फक्त विश्वास असतो. माझा तो विश्वास एका नातेवाइकाच्या बोलण्याने डळमळला. त्यात काही तथ्य नव्हतं, हे आज कळतं. तेव्हा दोन वर्षं मी झोपलेल्या पोराच्या कानाची पाळी निरखायचो. माझी सुटी आहे, त्याची चिकटलेली. मोबाइलच्या उजेडात त्याचा अंगठा माझ्या अंगठ्याशेजारी धरून बघायचो. त्याला जवळ घेताना हात आखडायचा, आणि त्याला ते जाणवत असणार.

शेवटी किट मागवलं. पोरगा माझाच निघाला. त्या रात्री मी त्याच्या शेजारी झोपलो, दोन वर्षांत पहिल्यांदा. बायकोला आजतागायत माहीत नाही. तुमच्या नियमाप्रमाणे मला तिची सही मागावी लागली असती. सही मागणं म्हणजेच तिच्यावर आळ घेणं. रिपोर्ट काहीही आला असता, तरी संसार त्या सहीपाशीच मोडला असता.

सूक्ष्मदर्शी

डीएनए प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे आधी थोडं चाचणीबद्दल. मग मत सांगतो.

आपल्या डीएनएमध्ये काही ठरावीक जागी तीच छोटी अक्षरमाला पुन्हापुन्हा येते. कुणाकडे 11 वेळा, कुणाकडे 14 वेळा. प्रत्येक जागी आपल्याकडे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. समजा एका जागी मुलाचे आकडे 12 आणि 15, आईचे 12 आणि 13. म्हणजे 15 बापाकडून आला. समोरच्या पुरुषाकडे त्या जागी 9 आणि 17 असतील, तर तिथे जुळत नाही. असं वीसहून जास्त जागी तपासतात. एखादी जागा न जुळणं हा नैसर्गिक बदल असू शकतो, कारण पिढी बदलताना क्वचित आकडा एकाने पुढेमागे होतो. म्हणून एकाच विसंगतीवर "बाप नाही" असं लिहीत नाहीत. तीन किंवा जास्त जागी बिनसलं, तर नकार.

जुळलं तर रिपोर्टवर 99.99 टक्के वगैरे येतं. त्या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्या. आधी शक्यता निम्मी-निम्मी धरलेली असते आणि तुलना असते नात्यात नसलेल्या दुसऱ्या कुठल्या तरी पुरुषाशी. संशय सख्ख्या भावावर असेल तर ते प्रयोगशाळेला आधी सांगायलाच हवं, कारण भावाभावांचे बरेच आकडे सारखे निघतात. एकसारखी जुळी भावंडं असतील तर ही नेहमीची चाचणी दोघांत फरकच करू शकत नाही. ज्याला दुसऱ्याचा अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या आतला मगज, दिलेला आहे, त्याच्या रक्तात दात्याचा डीएनए दिसतो. आईचा नमुना सोबत असला तर उत्तर जास्त भक्कम होतं, आणि लपून केलेल्या चाचणीत नेमका तोच नसतो.

घरगुती आणि कायदेशीर चाचणीचं यंत्र तेच, रसायनं तीच. फरक लिफाफ्याचा. कायदेशीर चाचणीत माणसाचं ओळखपत्र बघतात, फोटो आणि अंगठा घेतात, साक्षीदारासमोर नमुना घेऊन सील करतात. पुढे ज्याच्या-ज्याच्या हातात तो जातो, त्याची नोंद होते. घरच्या लिफाफ्यावर "वडील" लिहिलेलं असतं, पण ती लाळ कुणाची, हे मी कसं सांगणार? काडी दुसऱ्याच कुणी तोंडात फिरवली असेल, दोन भावंडांच्या काड्या अदलाबदल झाल्या असतील, तर गणित अचूक आणि उत्तर चुकीचं. शिवाय लोक ओली काडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पाठवतात आणि तिला बुरशी येते.

माझं मत: घरच्या रिपोर्टवर आयुष्याचा निर्णय घेऊ नका. पण बंदी घालून हे थांबेल असं मला वाटत नाही. नमुने परदेशी जातील, एवढंच.

वकील_सीताबर्डी

कौटुंबिक न्यायालयात वीस वर्षं उभी राहतेय. कायद्याची बाजू मांडते.

1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 112 होतं. 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 116 म्हणून आलं. कायदेशीर लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यावर 280 दिवसांत आणि आईने दुसरं लग्न केलेलं नसताना मूल झालं, तर ते त्या नवऱ्याचंच, हा निर्णायक पुरावा. तो खोडायचा तर नवऱ्याला दाखवावं लागतं की गर्भ राहण्याच्या काळात दोघांना एकत्र येण्याची संधीच नव्हती. नुसता संशय पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच सांगितलंय की मागितली म्हणून रक्ततपासणी देता येणार नाही आणि कुणाला नमुना द्यायची सक्तीही करता येणार नाही.

आता आपल्याच राज्यातून गेलेले दोन खटले बघा. पहिला नागपूरचा, निकाल 2014 चा. पोटगीचा वाद. नवरा म्हणत होता मुलगी माझी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने चाचणी झाली, आधी नागपूरच्या प्रयोगशाळेत, मग बायकोच्या हरकतीनंतर पुन्हा हैदराबादला. दोन्हीकडे उत्तर एकच: बाप नाही. न्यायालय म्हणालं, कायद्याचं गृहीतक आणि विज्ञानाचं सत्य समोरासमोर आलं तर सत्याला मान द्यावा. पोटगी थांबली. आधी दिलेली मात्र परत घ्यायची नाही, हेही लिहिलं.

दुसरा पुण्याचा, निकाल फेब्रुवारी 2023 चा. नवऱ्याने खासगी चाचणी आधीच करून घेतली होती. कौटुंबिक न्यायालयाने आणि मुंबई उच्च न्यायालयाने डीएनए चाचणीला हो म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. बायकोच्या व्यभिचाराचा आरोप दुसऱ्या पुराव्याने सिद्ध करा, मुलाला त्याचं साधन करू नका, हा त्याचा गाभा. आईने चाचणीला नकार दिला म्हणून मुलाच्या विरुद्ध निष्कर्ष काढायचा नाही, हेही.

लोक विचारतात, हे एकमेकांच्या विरुद्ध नाही का? मला नाही वाटत. 2014 मध्ये रिपोर्ट फाईलवर आलेला होता, तो न पाहिल्यासारखं करता येत नव्हतं. 2023 चा प्रश्न त्याच्या आधीच्या पायरीवरचा होता: मुळात तपासायचं का? मी रानजाईंच्या बाजूची आहे. माझ्या टेबलावर असे घरचे रिपोर्ट घेऊन नवरे येतात आणि त्यांना वाटतं केस जिंकली. जिंकत तर नाहीतच, पण घर तेवढं संपलेलं असतं.

खडकवासला

वकीलताई, तुम्ही माझाच मुद्दा भक्कम केलात. कोर्टात संशय पुरत नाही म्हणता. मग संशयाने पोखरलेल्या माणसाने जायचं कुठे? मला पोटगी बुडवायची नव्हती, घटस्फोटही नको होता. मला झोप हवी होती. अशा माणसासाठी घरच्या किटशिवाय कुठली वाट आहे, ते तुमच्यापैकी कुणी तरी सांगा.

माणदेशी

चर्चा संशयी नवऱ्यांपाशीच अडकली आहे. दुसरी बाजू सांगते.

माझ्या नात्यातल्या एका मुलीला लग्नाचं वचन देऊन एकाने फसवलं. मूल झाल्यावर तो म्हणाला, कुणाचं कुणास ठाऊक. गावात तिने काय-काय ऐकलं ते इथे लिहवत नाही. कोर्टाने चाचणीला बोलावलं की हा गैरहजर. दोन तारखा बुडवल्यावर न्यायाधीशांनी स्पष्ट सांगितलं की नमुना दिला नाहीस तर तुझ्या विरुद्ध समजलं जाईल. मग आला. पोराला पोटगी मिळाली. अनौरस मुलालाही बापाकडून पोटगीचा हक्क आहेच, पण बाप कोण हे सिद्ध झालं तर ना. तिच्यासाठी ती काडी म्हणजे अब्रू परत मिळणं होतं.

एन. डी. तिवारींचा खटला आठवा. मुलगा म्हणवणाऱ्याने 2008 मध्ये दावा लावला. माजी मुख्यमंत्री, माजी राज्यपाल, तरी अखेर मे 2012 मध्ये 86 व्या वर्षी देहरादूनच्या घरी रक्त द्यावं लागलं आणि जुलैमध्ये निकाल आला की बाप तेच. तिथे दोघांच्या सह्यांची वाट बघत बसलो असतो तर?

रानजाई

माणदेशीताई, तुमच्या उदाहरणात कोर्टाचा हुकूम आहे. मी त्याच्या विरुद्ध नाहीच. मोठं झालेलं मूल स्वतः विचारत असेल तर त्याच्याही विरुद्ध नाही.

कोवळं_ऊन

मूल पोटात असतानाच आईच्या रक्तावरून करता येते म्हणे ही चाचणी?

सूक्ष्मदर्शी

तंत्र आहे. पण आपल्याकडे 1994 च्या गर्भलिंगनिदान कायद्यात गर्भाची तपासणी ठरावीक आजार आणि व्यंगांसाठीच करता येते, पितृत्वासाठी नाही. कुणी देऊ केली तर लांब राहा.

टेम्सकाठ

लंडनहून लिहितोय. इथे 2004 च्या मानवी ऊती कायद्याने दुसऱ्याचा डीएनए संमतीशिवाय तपासायला पाठवणं गुन्हा आहे. ब्रश पळवून, केस उपटून पाठवता येत नाही. पण लहान मुलासाठी पालकत्वाचा अधिकार असलेल्या एकाची संमती चालते. म्हणजे रानजाईंची दोन सह्यांची अट इथेही नाही. फ्रान्समध्ये तर न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय पितृत्व चाचणीच नाही, घरचं किट वापरणाऱ्याला दंड होतो.

मला जर्मनीची वाट पटते. चोरून केलेली चाचणी तिथे बेकायदा. पण 2008 पासून बाप, आई आणि मूल यांपैकी कुणीही बाकीच्यांकडे चाचणीची संमती मागू शकतो, आणि ती मिळाली नाही तर न्यायालय तिची जागा घेऊ शकतं. त्यासाठी बापपण नाकारायचा दावा लावावा लागत नाही. नुसतं कळून घ्यायला वेगळं दार आहे. खडकवासलादादा ज्या वाटेबद्दल विचारतात, ती हीच असावी.

वकील_सीताबर्डी

आपल्याकडे असं दार नाही. डीएनए तंत्रज्ञानाचं विधेयक होतं, त्यात प्रयोगशाळांच्या नियमनाची तरतूद होती, तेही जुलै 2023 मध्ये सरकारने मागे घेतलं. आज किट विकणाऱ्याला आईची सही घे असं बजावणारा वेगळा कायदा नाही. जर्मनीचं दार इथे उघडायचं तर माझी एक अट राहील: मुलाच्या बाजूने वेगळा वकील हवा. नाहीतर घरोघरी सासवा सुनांना त्या दारातून ढकलतील. "काही लपवायचं नसेल तर कर ना चाचणी" हे वाक्य मी कोर्टाच्या जिन्यात कितीदा ऐकलंय.

रानजाई

हेच मला म्हणायचं होतं आणि जमत नव्हतं.

खडकवासलादादा, एक विचारते, राग मानू नका. तुमचं जुळलं. नसतं जुळलं तर?

खडकवासला

राग नाही. दोन दिवस या प्रश्नाचं उत्तर लिहून पुसतोय.

रिपोर्टची मेल आली तेव्हा मी स्वारगेटला उभा होतो. उघडली नाही. घरी आलो तर पोरगा दारातच बसलेला, एका पायात माझी चप्पल, एका पायात त्याची. मला बघून उठला आणि तसाच फरफटत आला. तेव्हा मनात आलं, मेल न उघडता पुसून टाकावी. नाही पुसली. रात्री उघडली.

नसतं जुळलं तर मी त्याला सोडलं असतं की नाही, मला खरंच सांगता येत नाही. सोडलं नसतं असं म्हणायला आवडेल. पण त्या रात्री मी निवांत झोपलो ते जुळलं म्हणूनच, हेही खरं आहे. तरी मी माझं मत बदलत नाही. मला ते कळणं गरजेचं होतं.

रानजाई

लिहिलंत, बरं केलंत. मीही माझं बदलत नाही. उद्या कुणी तसं पोर घेऊन आलं तर मी आधी आईचा फोन नंबर मागणार. दिला नाही तर काडी पाकिटातच राहील.