मुलांचा एक्झिमा (कोरड्या कातडीवर खाज, लाल चट्टे): घरात सगळ्यांना कसं शिकवलंत? अनुभव सांगा

माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा. चौथ्या महिन्यात गालावर लाल चट्टे उठले, नंतर कोपराच्या आतल्या आणि गुडघ्याच्या मागच्या घडीत. डिसेंबरात इथे नाशिकला गंगापूर रोडला गारठा पडला की रात्ररात्र खाजवायचा, सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके. दीड वर्ष आम्ही नुसत्या ट्यूबा बदलल्या, पण क्रीम किती आणि कसं लावायचं हे कोणी दाखवलंच नव्हतं. शेवटी एका डॉक्टर मॅडमनी माझंच बोट धरलं, तर्जनीच्या शेवटच्या पेराच्या घडीपासून टोकापर्यंत ट्यूबमधून एक रेघ काढली आणि म्हणाल्या, एवढं औषध तुमच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला लागतं. मी मुगाच्या दाण्याएवढं लावत होते आणि औषधाला गुण नाही म्हणत होते. घरी नवऱ्याला, आईला तशीच रेघ काढून दाखवली. तुमच्याकडे कसं झालं, सविस्तर लिहा.

सिडकोतून, मुलगी ३ वर्षं
आमच्याकडे बेसन आणि साय लावून चोळून आंघोळ, तेही कडकडीत पाण्याने, कारण सासूबाईंनी चार मुलं अशीच वाढवली. मी सांगितलं की वाद व्हायचे, म्हणून पुढच्या वेळी त्यांनाच दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर अजिबात रागावले नाहीत, म्हणाले आजी, या मुलीच्या कातडीतला ओलावा टिकत नाही, चोळलं की आणखी निघून जातो. मग त्यांना कामच नेमून दिलं: कोमट पाणी, पाच-दहा मिनिटांत आंघोळ, टॉवेलने नुसतं टिपायचं आणि तीन मिनिटांच्या आत अंगभर मॉइश्चरायझर. आता मी ऑफिसला गेले तरी काळजी नसते, सगळं आईच बघतात.

निफाड
द्राक्षाचा सीझन, दवाखान्यात जायला वेळ नाही, मेडिकलवाल्याने गजकर्ण म्हणून मिक्स ट्यूब दिली. तीन दिवसांत साफ, बंद केली की दुप्पट, असं सहा महिने चाललं. त्यात स्टिरॉइड होतं हे नंतर कळलं आणि मग आम्ही इतके घाबरलो की डॉक्टरांनी लिहून दिलेलंही लावेना, पोरगं रडून रडून अर्धं झालं. डॉक्टरांनी समजावलं, स्टिरॉइडमध्ये सौम्य-कडक असे प्रकार असतात, चेहऱ्याला वेगळं, हातापायाला वेगळं, किती दिवस ते त्यांनीच ठरवायचं. हे पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर पोराचे एवढे हाल झाले नसते. रात्री ओल्या कपड्याची पट्टी बांधतात म्हणे, कोणी केलंय का?

पंचवटी
आम्ही ऐकीव माहितीवर दूध, अंडी, शेंगदाणे, गहू सगळं बंद केलं. खाज तेवढीच राहिली, वजन मात्र घटलं. चाचणी आणि सल्ल्याशिवाय मुलाचं खाणं तोडू नका, कळकळीने सांगते.

इंदिरानगर
पाळणाघरात बाकीच्या मुलांच्या आया माझ्या मुलीला जवळ येऊ देईनात. मी ताईंना चिठ्ठी लिहून दिली: हा लागण होणारा आजार नाही, खाजवायला लागली तर हात धरू नका, क्रीम लावा, खेळात गुंतवा. डबीवर तिचं नाव आणि वेळा. एक मात्र ताईंना बजावलंय, मधाच्या रंगाची खपली, पू किंवा तापासोबत पाण्याचे एकसारखे फोड दिसले तर लगेच फोन, संध्याकाळची वाट बघायची नाही. आणि ओठावर तापाचा फोड आलेल्या कोणीही तिची पापी घ्यायची नाही, घरचे असले तरी.

पुन्हा मीच, गंगापूर रोड
निफाडचे दादा, ओली पट्टी आम्ही केली, पण मॅडमनी हाताने शिकवल्यावरच. औषध आणि मॉइश्चरायझर लावून आतून ओला सुती कपडा, वरून कोरडा. जखमेत पू असेल तर अजिबात नाही. थंडीत पोर गारठतं, त्यामुळे विचारूनच करा, आणि खोली आधी ऊबदार ठेवा.