मदत हवी आहे: टीबीच्या त्वचाचाचणीची गाठ दोन दिवस उशिरा का येते?

शंकासुर

मंडळी, वैद्यकीय सल्ला नकोय. तो डॉक्टरांनी दिलाय, छातीचा एक्स-रेही स्वच्छ आहे. अडलंय ते समजण्यात.

नोकरीच्या तपासणीत टीबीसाठी हातावर टोचून घेतलं. सुई कातडीत जेमतेम शिरली, मसुराएवढा पांढुरका फुगवटा आला आणि थोड्या वेळात जिरलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं काहीच नाही. म्हटलं, सुटलो. संध्याकाळी खाज सुरू, आणि तिसऱ्या दिवशी लालभडक चकती. नर्सबाईंनी त्या लालीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बोटाने कडक भागाची कड चाचपली, दोन्ही बाजूंना पेनाने खूण केली आणि पट्टी लावली. १२ मिलिमीटर.

आता माझे प्रश्न. मधमाशी डसली तर पाच मिनिटांत हात सुजतो, मग इथे दोन दिवस कसले? हे टी-पेशींचं काम आहे असं वाचलं. टी-पेशी संसर्ग झालेल्या पेशी मारतात, एवढंच शाळेत घोकलेलं. पण टोचलेल्या द्रवात जिवंत जंतू नसतात म्हणे, नुसती प्रथिनं. मग माझ्या हातात मेलं कोण? आणि लाली सोडून कडकपणाच का मोजला?

रिकामटेकडा

अँटीबॉडी तयार व्हायला तेवढा वेळ लागत असेल. (तज्ज्ञ नाही, अंदाज.)

सूक्ष्मदर्शी

@रिकामटेकडा, अंदाज चुकला, पण चुकणारे तुम्ही पहिले नाही. रक्तातल्या अँटीबॉडीच सगळं करतात असा एके काळी भल्याभल्यांचा समज होता. तो ज्या प्रयोगांनी हलला ते अगदी या धाग्यातलेच आहेत. रक्तगट शोधणारे कार्ल लँडस्टायनर आणि त्यांचे सहकारी मेरिल चेस यांनी १९४२ साली गिनीपिगवर काम केलं. एका रसायनाने ज्याची कातडी उठते अशा गिनीपिगचं सीरम (रक्तातल्या पेशी काढून उरलेला, अँटीबॉडी असलेला द्रव) दुसऱ्याला दिलं, तर दुसऱ्याला काही होईना. पेशी दिल्या, की त्याचीही कातडी उठू लागली. पुढे १९४५ मध्ये चेस यांनी टीबीच्या चाचणीबाबत, म्हणजे तुमच्या हातावर घडलं त्याच प्रकाराबाबत, हेच दाखवलं. पेशीजन्य प्रतिकार हे नाव यावरूनच पडलं.

आता उशीर. मधमाशीच्या ॲलर्जीत अँटीबॉडी कातडीतल्या मास्ट पेशींवर आधीच चिकटून बसलेल्या असतात. विष आलं की त्या पेशींतलं सूज आणणारं रसायन, हिस्टामिन, बाहेर, काम मिनिटांचं. टी-पेशीला मात्र मोकळं तरंगणारं प्रथिन ओळखताच येत नाही. आधी कातडीतल्या दुसऱ्या पेशींनी ते गिळायचं, आत त्याचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा एमएचसी नावाच्या प्रथिनाच्या खाचेत बसवून पृष्ठभागावर धरायचा. मग तोच तुकडा ओळखणारी स्मृती-टी-पेशी (पूर्वीच्या गाठीची आठवण ठेवणारी) तिथं पोचायला हवी, आणि अशा पेशी मुळात मोजक्या. ती आली, अंगाला अंग लावून तपासलं, पटलं, की इंटरफेरॉन-गॅमासारखी रसायनं सोडते. आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांची आतली भिंत चिकट होते आणि रक्तातून जाणाऱ्या पेशी तिथं अडकून बाहेर पडू लागतात. यातल्या बहुतेकांना टीबीशी काही देणंघेणं नसतं, गर्दी पाहून जमलेले बघे! हा जमाव जमायला ४८ ते ७२ तास लागतात. बोटाला लागतो तो कडकपणा म्हणजे हा जमाव आणि त्यात साचलेलं फायब्रिन, म्हणजे रक्त गोठताना जाळं विणणारं प्रथिन. लाली म्हणजे नुसत्या रुंदावलेल्या रक्तवाहिन्या, म्हणून ती मोजत नाहीत.

मेलं कोण? मुद्दाम असं कुणी मारलं नाही. तुम्ही घोकल्या त्या मारेकरी टी-पेशी, म्हणजे सीडी८. इथे पुढाकार सीडी४ मदतनीस पेशींचा. टीबीचा जंतू मोठा बेरकी. त्याला गिळणाऱ्या मॅक्रोफेजच्या पोटातच तो बिऱ्हाड करतो. तिथं अँटीबॉडी पोचत नाही. सीडी४ पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडते तेव्हा तो सुस्त मॅक्रोफेज खडबडून जागा होतो आणि आतल्या जंतूला पचवायला लागतो. एचआयव्ही याच सीडी४ पेशी संपवतो, म्हणून त्या रुग्णांना टीबीचा धोका जास्त आणि गाठ मात्र कधी कधी उठतच नाही. त्यांच्यात ५ मिलिमीटरही पॉझिटिव्ह धरतात ते यामुळे.

शंकासुर

जमावाचं कळलं. पण एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? टी-पेशीने सरळ जंतू ओळखला तर काय बिघडलं?

खडूफळा

याचं उत्तर विषाणूंकडे पाहिलं की सापडतं. विषाणू पेशीच्या आत असतो आणि टी-पेशीला भिंतीपलीकडचं दिसत नाही. म्हणून आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे तुकडे एमएचसीवर बसवून सतत बाहेर मांडत असते, साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचे. त्यात परका तुकडा दिसला की सीडी८ पेशी चिकटते, परफोरिन या भोकं पाडणाऱ्या प्रथिनाच्या मदतीने ग्रँझाइम नावाची विकरं आत सोडते आणि त्या पेशीला स्वतःच मरायला लावते. ती मोकळा विषाणू ओळखत असती, तर बाहेर तरंगणाऱ्या कणांशीच झटत बसली असती आणि कारखाना आत सुखाने चालू राहिला असता.

हे रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी कॅनबेरात उंदरांवर शोधलं, १९७४ मध्ये छापलं आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एका उंदराच्या मारेकरी पेशी त्याच्याच जातकुळीच्या संसर्गित पेशी मारत, पण वेगळ्या एमएचसीच्या उंदराच्या पेशींना तोच विषाणू असूनही हात लावत नसत. म्हणजे त्या नुसता विषाणू नव्हे, आपल्या ओळखीच्या एमएचसीवर मांडलेला तुकडाच ओळखत होत्या. मला तरी हा प्रयोग त्यांच्या पारितोषिकापेक्षा देखणा वाटतो.

अवांतर: गाठ आली म्हणजे शरीराची त्या जंतूशी ओळख आहे, एवढंच. आजार आहे की नाही ते त्यातून कळत नाही, आणि बीसीजी लशीनेही गाठ येऊ शकते.

शंकासुर

दोघांनाही धन्यवाद! पेनाच्या खुणा अजून आहेत, चकती मात्र फिकी पडतेय. हा जमाव पांगवतं कोण?

सूक्ष्मदर्शी

टोचलेलं प्रथिन संपलं की दाखवायला तुकडे उरत नाहीत, हे एक. दुसरं, आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशीही असतात. शिमोन साकागुची यांनी त्या १९९५ मध्ये दाखवल्या आणि २०२५ चं नोबेल त्यांना मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासोबत मिळालं. त्यावर वेगळा धागा काढा, मी येते तिथं. खाजवू मात्र नका.