दहा हजारांच्या आत पहिला ई-रीडर: मराठी वाचनासाठी काय पाहून घ्यावा?

ग्रंथसखी (बार्शी)

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि रोज बार्शी ते सोलापूर असा एसटीने प्रवास करते. जाता-येता मोबाईलवर वाचन होते, परंतु तासभर सलग वाचले की डोळे चुरचुरू लागतात आणि मध्येच येणाऱ्या संदेशांमुळे वाचनाची लय तुटते. म्हणून ई-रीडर, म्हणजे केवळ ई-पुस्तके वाचण्याचे यंत्र, घ्यावा असे मनात आहे. मात्र दहा हजार रुपयांपलीकडे जाणे सध्या शक्य नाही.

माझ्याजवळ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेले बरेच ग्रंथ, काही शोधनिबंध आणि ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तके आहेत; ती जवळजवळ सगळी पीडीएफ स्वरूपात आहेत. नव्या कादंबऱ्या विकत घेऊन वाचण्याची तयारी आहे. अशा यंत्रावर मराठी नीट दिसते का, पीडीएफ वाचता येतात का, की याच पैशांत एखादा साधा टॅब घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अक्षरजुळणी (पुणे)

मी मराठी ई-पुस्तके तयार करण्याचे काम करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. कोणता ई-रीडर घ्यावा हे ठरवण्याआधी आपली पुस्तके कोणत्या स्वरूपात आहेत ते पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम टॅबविषयी. ई-रीडरच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे व पांढरे कण असतात. पान उलटताना विजेच्या साहाय्याने हे कण वरखाली होतात, आणि एकदा अक्षरे उमटली की ती टिकवण्यासाठी वीज लागत नाही. म्हणूनच रोज थोडा वेळ वाचणाऱ्याला एकदा चार्ज केलेला ई-रीडर काही आठवडे पुरतो. त्याचा दिवा पडद्याच्या कडेने बसवलेला असून तो पृष्ठभाग उजळतो, आणि एसटीच्या खिडकीतून थेट ऊन आले तरी अक्षरे पुसट होत नाहीत. सलग गद्य वाचायचे असेल तर टॅब याच्या जवळपासही येत नाही. परंतु रंगीत चित्रे, कोष्टके आणि मोठ्या आकाराची पीडीएफ हे टॅबचे क्षेत्र आहे, आणि आपला निम्मा प्रश्न तेथेच अडकलेला आहे.

सहा इंची पडदा म्हणजे साधारण नऊ सेंटीमीटर रुंद आणि बारा सेंटीमीटर उंच जागा. आपली नेहमीची डेमी आकाराची पुस्तके साडेपाच बाय साडेआठ इंचांची असतात. ते पान जसेच्या तसे या पडद्यावर बसवले की बारा पॉइंटचे अक्षर सात पॉइंटच्या आसपास येते, आणि तेवढ्या अक्षरातील रफार, अनुस्वार व पायमोडकी जोडाक्षरे शोधत बसावे लागते. पीडीएफमधील अक्षर मोठे करता येत नाही, पान मोठे करावे लागते, आणि मग प्रत्येक ओळीसाठी ते डावीकडे-उजवीकडे सरकवावे लागते. यावर त्यातल्या त्यात चांगला उपाय म्हणजे यंत्र आडवे करून वाचणे. समास कापून टाकले तर डेमी पानावरील मजकूर आडव्या पडद्यावर जवळजवळ मूळ आकारात दिसतो आणि एक पान दोन-तीन तुकड्यांत वाचून होते.

ईपब या खास ई-पुस्तकांसाठीच्या फाईल-स्वरूपातील पुस्तकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांत अक्षराचा आकार, ओळींमधले अंतर, टंक (फॉन्ट) हे सारे वाचकाच्या हाती असते. किंडल या ॲमेझॉनच्या ई-रीडरसाठीच्या ऑनलाइन दुकानात डिसेंबर २०१६ पासून मराठी पुस्तके रीतसर मिळतात. शिवाय मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयातील ग्रंथ ईपबमध्ये उतरवून घेता येतात. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त होते, त्यामुळे १९५० मध्ये दिवंगत झालेल्या साने गुरुजींचे साहित्य २०११ पासून सर्वांना खुले आहे. शिकवण्यासाठी जुने गद्य लागत असेल तर हा खजिना आपल्याला फार उपयोगी पडेल.

यंत्राबाबत माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: पडद्याची घनता इंचाला ३०० बिंदू असावी. २०१९ च्या साध्या किंडलमध्ये ती १६७ होती, २०२२ च्या साध्या किंडलमध्ये ३०० झाली. इंग्रजी वाचणाऱ्याला हा फरक कदाचित फारसा जाणवणार नाही. पण ‘उद्ध्वस्त’मधला ‘द्ध्व’ किंवा ‘वाङ्मय’मधला ‘ङ्म’ १६७ बिंदूंवर गिचमिड होतो. २०२२ च्या यंत्राचे वजन १५८ ग्रॅम, साठवण १६ जीबी आणि चार्जिंग टाइप-सी आहे. एप्रिल २०२५ मध्ये भारतात आलेला नवा पेपरव्हाइट, म्हणजे किंडलचाच वरच्या श्रेणीचा प्रकार, १६,९९९ रुपयांना जाहीर झाला, म्हणजे तो आपल्या मर्यादेबाहेर आहे.

गोदाकाठ (नाशिक)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. एवढ्या पैशांत वापरलेला पेपरव्हाइट मिळण्याची शक्यताही लक्षात घ्यावी, कारण २०१५ पासूनच्या पेपरव्हाइटचा पडदा ३०० बिंदूंचाच आहे. मात्र वापरलेले यंत्र कुरियरने मागवू नये, प्रत्यक्ष हातात घेऊन पाहावे. आधीच्या मालकाने आपले खाते त्यावरून काढले आहे याची समोरच खात्री करावी आणि स्वतःचे खाते तेथेच जोडून पाहावे. हरवल्याची तक्रार झालेल्या यंत्रावर खाते जोडता येत नाही. पान उलटत असताना एखादी रेघ किंवा कोपरा जागचा हलत नसेल तर पडदा आतून दुखावलेला आहे असे समजावे. या पडद्याचा पाया बहुधा काचेचा असतो आणि तो बदलण्याचा खर्च यंत्राच्या किमतीच्या मानाने परवडत नाही. एसटीच्या गर्दीत पिशवी दबते, तेव्हा कडक आवरण पहिल्या दिवसापासूनच घालावे.

मी पाहणीला जाताना मोबाईलमध्ये एक छोटी मजकूर-फाईल ठेवतो. तिच्यात ‘दऱ्याखोऱ्या, तऱ्हा, ऱ्हास, कर्तृत्व, दृष्ट्या, वाङ्मय, ज्ञानेश्वर, ॲसिड’ एवढेच शब्द आहेत. खाते जोडले की ती त्या यंत्रावर पाठवतो. हे शब्द अखंड उमटले तर मराठीची काळजी उरत नाही. ‘ऱ्या’ऐवजी पाय मोडलेला ‘र’ आणि ‘या’ वेगवेगळे दिसले तर यंत्र तेथेच परत करावे.

उत्तररात्र (टोरांटो)

येथे मी कोबो हा दुसऱ्या कंपनीचा ई-रीडर वापरते, कारण तो सार्वजनिक ग्रंथालयाशी थेट जोडता येतो आणि इंग्रजी पुस्तके घरबसल्या विनामूल्य मिळतात. भारतात तो लाभ फारसा नाही. तरीही एक बाब विचारात घ्यावी: किंडलवर विकत घेतलेले पुस्तक बहुधा कुलूपबंद असते, ते दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर उघडत नाही, आणि फेब्रुवारी २०२५ पासून ते संगणकावर उतरवून घेण्याची सोयही बंद झाली आहे. जी पुस्तके आयुष्यभर जवळ हवीत ती कुलूप नसलेल्या ईपबमध्ये किंवा छापील स्वरूपात घ्यावीत असे मला मनापासून वाटते.

ग्रंथसखी (बार्शी)

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे मी यंत्र घेण्याआधी संग्रह तपासायला घेतला आहे. कॅलिबर ही विनामूल्य प्रणाली संगणकावर घेऊन एका पीडीएफचे ईपब करून पाहिले, तर सगळीकडे इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा काला दिसतो आहे. दुसऱ्या एका ग्रंथाचे ईपब उघडले तर पानांची नुसती छायाचित्रे आली. यात सुधारणा होऊ शकते का?

अक्षरजुळणी (पुणे)

ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. पहिला ग्रंथ श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व टंकात जुळवलेला असणार (युनिकोड म्हणजे सर्व यंत्रांना समजणारी अक्षरांची समान संकेतपद्धती). त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी साठवलेले अक्षर रोमन असते, फक्त त्यावर देवनागरीचे चित्र चढवलेले असते. पीडीएफमध्ये ते चित्र सोबत असते म्हणून मजकूर वाचता येतो, ईपबमध्ये ते गळून पडते. अशा मजकुरासाठी त्या-त्या टंकाचे युनिकोड रूपांतरक वापरावे लागते आणि नंतर मुद्रितशोधन अटळ असते. दुसरा ग्रंथ स्कॅन केलेला आहे. गूगल ड्राइव्हवर तो चढवून गूगल डॉक्समध्ये उघडल्यास मराठी अक्षरओळख होते, परंतु जोडाक्षरांत चुका राहतात. वर्गात वारंवार लागणाऱ्या एखाद्या प्रकरणासाठी एवढे श्रम घ्यावेत, संपूर्ण संग्रहासाठी घेऊ नयेत. शोधनिबंधही संगणकावरच वाचावेत.

ज्या फाईलमधून मराठी मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला असता तो मराठीच राहतो, तेवढ्याच फाईली रूपांतरासाठी बाजूला काढा. तयार ईपब तारेने थेट किंडलमध्ये टाकला तर तो उघडत नाही. तो ‘सेंड टू किंडल’ या ॲमेझॉनच्या, इंटरनेटवरून फाईल पाठवण्याच्या सोयीने पाठवावा किंवा कॅलिबरमध्ये एझेडडब्ल्यू-३ या किंडलच्या स्वरूपात बदलून घ्यावा. संगणकाला जोडल्यावर दिसणाऱ्या ‘फॉन्ट्स’ या फोल्डरमध्ये ‘तिरो देवनागरी मराठी’ हा विनामूल्य टंक टाकून वाचताना तो निवडला की ‘ल’ आणि ‘श’ आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या वळणाचे दिसू लागतात.

आपल्या संग्रहातील पाव भाग जरी या कसोटीला उतरला आणि नव्या कादंबऱ्या विकत घेणार हे नक्की असेल, तर २०२२ चे साधे किंडल किंवा चांगल्या स्थितीतील वापरलेला पेपरव्हाइट अवश्य घ्या. त्याहून कमी उतरला, तर आधी विकिस्रोतावरील दोन-तीन ईपब मोबाईलवरच वाचून पाहा आणि त्या ग्रंथांत आपले मन रमते की नाही ते पाहून निर्णय करा.